कंपनीचं नाव न सांगता एका हेडफोनचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू एका वायरलेस, नॉइज कॅन्सलिंग (म्हणजे बाहेरचा गोंगाट कमी करणाऱ्या), कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनचा आहे. कंपनी, मॉडेल, किंमत यातलं मी काहीच लिहिणार नाहीये आणि ते मुद्दाम. कारण नाव वाचलं की तुमचं अर्धं मत तिथेच तयार होतं, किंमत कळली की उरलेलं अर्धं, आणि मग मी आवाजाबद्दल कितीही प्रामाणिकपणे लिहिलं तरी तुम्ही ते त्या तयार मताला जोडूनच वाचणार. मी पण तेच करते, सगळेच करतात. आणि ऑडिओच्या वस्तूंमध्ये हा प्रकार इतका खोलवर मुरलाय की हेडफोनबद्दल लिहायचं तर आधी आपण ऐकतो कसं आणि त्यावरून ठरवतो कसं याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही असं माझं ठाम मत झालंय.

पण आधी वस्तू. रंग मॅट काळा, चकाकी अजिबात नाही, कपवर लोगो इतका बारीक की लांबून दिसतच नाही. वजनाला हलका आहे आणि इथेच पहिली गडबड होते, कारण हातात घेतल्यावर हलकी वस्तू स्वस्तातली वाटते. दुकानात माझ्यासमोर एकाने हा उचलला आणि कानाला न लावताच परत ठेवला. शेजारी मेटलचा बँड असलेला जड पीस होता तो मात्र त्याने दोन्ही हातांनी उलटसुलट करून बघितला. आता बघा, हेडफोन तासन् तास डोक्यावर घालायचा असतो, तिथे हलकं असणं हा सरळ सरळ गुण आहे, मान अवघडत नाही, डोक्याच्या वर मधोमध दाब येत नाही. पण हाताला जे कळतं ते डोक्याला कळायच्या आधी कळतं आणि निर्णय हातच घेऊन टाकतो.

फिटिंग चांगलं आहे. चष्मा लावणाऱ्यांसाठी खास सांगते, कुशन मऊ असल्यामुळे चष्म्याची काडी आत रुतत नाही, पण काडी जाड असेल तर कुशन आणि त्वचेच्या मध्ये फट राहते आणि तिथून बास (म्हणजे खालचा, जाडा आवाज) गळतो. हे आधी लक्षात येत नाही, नुसतं आवाज पोकळ आहे असं वाटतं. चष्मा काढून एकदा ऐका, फरक लगेच कळेल.

आता आवाज. सगळीकडच्या रिव्ह्यूत जे शब्द असतात ना, भरीव बास, मोकळा आवाज, स्वच्छ व्होकल, ते सगळे मी पण लिहू शकते आणि ते खोटंही नसेल. पण त्या शब्दांच्या मागे खरंच काय आहे हे बघायला मी घरी एक साधा प्रयोग केला, तो सविस्तर सांगते कारण कुणालाही करता येईल.

धाकट्या भावाला बसवलं, डोळे मिट म्हटलं, हा हेडफोन त्याच्या कानावर नीट बसवला. त्याला सांगितलं की दोन वेगवेगळी सेटिंग ऐकवते, कुठलं आवडतं ते सांग. गाणं तेच, हेडफोन तोच, इक्वलायझर (खालचे-वरचे स्वर कमीजास्त करायची सोय) बंद. फक्त एकदा लॅपटॉपच्या प्लेयरमधून आवाज एक डेसिबलने (आवाजाची पातळी मोजायचं एकक) वाढवला, एवढाच काय तो फरक. तो म्हणाला, "ताई, दुसरं सेटिंग भारीये गं, बास जास्त भरलेला आहे आणि गाणारी जवळ येऊन गातेय असं वाटतंय." मी विचारलं, आवाज मोठा वाटतोय का? "नाही, मोठा नाही, क्वालिटी चांगलीये." मग उलट क्रमाने ऐकवलं तरी त्याने वाढवलेलंच निवडलं आणि या वेळी कारण दिलं की ड्रमची धार स्पष्ट आहे. मी खरं काय ते सांगितल्यावर त्याने हेडफोन काढून माझ्याकडे असं बघितलं की मीच काहीतरी चलाखी करतेय, मग स्वतः स्क्रीनवर बघून खात्री करून घेतली.

यात त्याचा काहीच दोष नाही, कान असेच आहेत. एक डेसिबलच्या आसपासचा फरक आवाज वाढला असा जाणवत नाही, काहीतरी छान झालं असा जाणवतो. आणि याला शरीराचंच कारण आहे, बेल लॅब्स या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं की कमी आवाजात आपला कान खर्ज स्वर फार कमी पकडतो, आवाज वाढवत नेला की खर्ज बाकीच्या स्वरांच्या बरोबरीला येत जातो. म्हणजे नुसता व्हॉल्यूम वाढवला तरी बास वाढल्यासारखा वाटतो. आता दुकानातला डेमो आठवा. ज्या हेडफोनचा आवाज एका ठरावीक व्हॉल्यूमला जास्त निघतो तो जिंकतो. दोन हेडफोनचा आवाज समान पातळीवर आणून कुणी ऐकवतच नाही, आणि आपणही मागत नाही.

म्हणून मी याची तुलना माझ्या जुन्या हेडफोनशी केली ती आवाज जुळवून केली. पद्धत अगदी साधी, जाड पुठ्ठ्याला छोटं भोक पाडायचं, खालून फोनचा माइक त्या भोकाला टेकवायचा, वरून हेडफोनचं कुशन पुठ्ठ्यावर सपाट बसेल असं ठेवायचं, पिंक नॉइज लावायचा (धबधब्यासारखा एकसारखा आवाज असतो तो) आणि साउंड मीटरच्या ॲपमध्ये दोन्ही हेडफोनचा आकडा एकसारखा येईपर्यंत व्हॉल्यूम हलवायचा. प्रयोगशाळेइतकं अचूक होत नाही पण डोळे झाकून व्हॉल्यूम लावण्यापेक्षा शंभर पटीने बरं. असं केल्यावर पहिल्या दिवशी जो जमीन-अस्मानाचा फरक वाटला होता तो बराच आकसला. तरी फरक उरला, आणि जो उरला तो खरा, मी त्यावरच लिहितेय: याचा बास नीट आवरलेला आहे, पुरुषाच्या आवाजावर चढत नाही. मधले स्वर स्वच्छ. वरचे स्वर थोडे मऊ केलेत, झांज वाजली की टोक बोथट झाल्यासारखं वाटतं, ज्यांना एकदम चकचकीत आवाज आवडतो त्यांना हे खटकेल.

पुढे जायच्या आधी एक सांगते कारण काही लोक म्हणतील की आम्ही अनुभवी आहोत, आम्हाला असलं काही होत नाही. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी 40 जणांना स्पीकर ऐकवले, एकदा पडद्यामागून आणि एकदा समोर ठेवून. ऐकणारे कोण, तर स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीचेच कर्मचारी. समोर दिसत असताना मोठ्या, दिमाखदार स्पीकरना मार्क वाढले आणि छोट्या प्लास्टिकच्या सिस्टिमचे घसरले. पडद्यामागे तीच छोटी सिस्टिम बऱ्यापैकी टिकून राहिली होती. स्पीकर तेच, खोली तीच, कान तेच. फक्त डोळे उघडले.

आणि व्हायोलिनवाल्यांची गोष्ट तर मला फारच आवडते. 2010 मध्ये इंडियानापोलिसला व्हायोलिनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती, तिथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी 21 वादकांना हॉटेलच्या मंद उजेडाच्या खोलीत, वेल्डिंगवाल्यांच्या गॉगलसारखे काळे गॉगल लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिली. तीन नवीन, तीन जुनी, आणि जुन्यांमध्ये दोन स्ट्राडिवारी आणि एक ग्वार्नेरी, म्हणजे ज्यांच्या नावानेच लोकांच्या अंगावर काटा येतो अशी. जुन्या लाकडाचा वास कळू नये म्हणून हनुवटी टेकवायच्या जागेखाली अत्तराचा थेंबसुद्धा लावला होता, इतकी काळजी घेतली. घरी न्यायला कुठलं आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी नवीन व्हायोलिन निवडलं, आणि सगळ्यात कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिवारीला. नंतर विचारलं की तुम्ही निवडलेलं जुनं की नवीन, तर 17 पैकी फक्त तिघांना बरोबर सांगता आलं. ही आयुष्यभर व्हायोलिन वाजवणारी माणसं. त्यांचा कान कच्चा आहे असं कोण म्हणेल? नाव झाकलं की कानाला जे कळतं ते वेगळं निघतं, एवढंच.

म्हणूनच नाव सांगत नाहीये. खालच्या कमेंटमध्ये विचारलंत तरी सांगणार नाही, आधीच सांगून ठेवते.

किंमतीचंही तसंच. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनची मोजमापं घेऊन बघितलं की कुठल्या स्वराला हेडफोन किती आवाज देतो याचा आणि किंमतीचा काही मेळ बसतो का, तर बसला नाही. आता किंमतीत बाकी गोष्टी असतातच, बनावट, बॅटरी, नॉइज कॅन्सलिंग, वॉरंटी, त्याचे पैसे द्यावे लागतात आणि द्यावेत. पण महाग म्हणजे आवाज चांगला ही जी आपली पक्की समजूत आहे तिला आकड्यांचा आधार मिळत नाही. ती समजूत मात्र नुसती बसून राहत नाही, काम करते. 2008 मध्ये 82 जणांना वेदना कमी करणारी म्हणून एक गोळी दिली गेली, गोळीत औषध काहीच नव्हतं. अर्ध्यांना सांगितलं ही पूर्ण किंमतीची आहे, अर्ध्यांना सांगितलं ही सवलतीत अगदी स्वस्त केलेली आहे. पूर्ण किंमतवाल्यांपैकी 85 टक्के म्हणाले दुखणं कमी झालं, स्वस्तवाल्यांपैकी 61 टक्के. ज्या समजुतीने औषध नसलेल्या गोळीचा गुण बदलतो तिने हेडफोनचा आवाज बदलणार नाही असं मानायला काहीच कारण नाही.

इथे एक गुंता आहे आणि मी त्यावर खूप विचार केलाय. याच वर्षी, 2008 लाच, हिल्के प्लासमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना ब्रेन स्कॅनरमध्ये झोपवून वाइनचे घोट दिले. तीच वाइन एकदा महाग म्हणून, एकदा स्वस्त म्हणून. महाग सांगितल्यावर लोक जास्त आवडली म्हणाले, आणि नुसतं म्हणाले नाहीत, सुखाच्या अनुभवाशी जोडलेला मेंदूचा जो भाग आहे तो खरोखरच जास्त जागा झालेला दिसला. म्हणजे ते दिखाऊपणा करत नव्हते, त्यांना खरंच जास्त मजा आली. मग महाग हेडफोन घालून ज्याला खरंच जास्त छान ऐकू येतं त्याला तुझा आनंद खोटा आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगू? नाहीच सांगणार. आनंद खराच आहे. माझं म्हणणं एवढंच की तो आनंद कशातून येतोय हे घेणाऱ्याला माहीत असावं. मेटलचा बँड, सुंदर केस, बॉक्स उघडताना झाकण हळूहळू सरकतं ते, यासाठी पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत, पण आवाजासाठी दिले असं समजून देऊ नयेत. कारण मग मित्राला सल्ला देताना आपण आवाज एक नंबर आहे म्हणून सांगतो, आणि त्याला बॉक्सच्या झाकणाशी काहीच देणंघेणं नसतं.

बॉक्सवरून आठवलं. याच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात 40,000 हर्ट्झ लिहिलंय (स्वर किती वरचा आहे ते हर्ट्झमध्ये मोजतात). माणसाच्या कानाची मर्यादा साधारण 20,000 हर्ट्झ, ती पण तरुणपणी, वय वाढलं की कमी कमी होत जाते. म्हणजे त्या आकड्याचा वरचा अर्धा भाग तुम्हाला मला कुणालाच ऐकू येत नाही. तरीही शेजारच्या बॉक्सवर 20,000 आणि यावर 40,000 असेल तर हात याच्याकडेच जातो, दुप्पट दिसतं ना! क्रिस्टोफर शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये हेच कॅमेऱ्यांवर करून बघितलं होतं. दोन कॅमेऱ्यांनी काढलेले फोटो समोर, स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतायत, तरीसुद्धा जो आकडा मोठा दिसेल अशा पद्धतीने सांगितला त्याकडे लोक जास्त झुकले. जी गोष्ट स्वतः अनुभवून बघता येते तिथेही आपण आकड्याला विचारतो. तर या बॉक्सवरचा तो आकडा सोडून द्या, त्याचा मी आवाजाच्या मार्कांत काहीच हिशोब धरलेला नाही.

नॉइज कॅन्सलिंग उत्तम आहे, आणि यात पण एक गंमत आहे. बाहेरचे माइक आवाज पकडतात, आतून त्याच्या बरोबर उलट लाट सोडली जाते आणि दोन्ही एकमेकांना मारतात. पंखा, एसी, गाडीचं इंजिन असा एकसुरी, जाडा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. माणसांचं बोलणं, भांडी पडल्याचा आवाज असं अचानक आणि बारीक ते कमी होतं पण जात नाही, हे कुठल्याही कंपनीचं असंच असतं. काही जणांना चालू केल्या केल्या कानावर दाब आल्यासारखं वाटतं, विमान वर चढताना वाटतं तसं. खरं तर हवेचा दाब बदललेला नसतो, खालचे आवाज एकदम गायब झाले की मेंदू त्याचा अर्थ दाब बदलला असा लावतो. माझ्या आईला हे इतकं झालं की तिने लगेच काढून ठेवला आणि "नको बाई, कान दुखतो माझा" म्हणाली. मी याला तक्रार म्हणूनच नोंदवतेय, दाब खरा नसला तरी त्रास खरा आहे. तुम्हाला असं होत असेल तर ॲपमध्ये कॅन्सलिंग कमी करायची पट्टी आहे, मधोमध ठेवली की बऱ्याच जणांना चालतं. तरीही नाही जमलं तर परत करा, सवय होईल म्हणून थांबू नका.

बॅटरी भरपूर, कॉलवरचा आवाज ठीकठाक, वाऱ्यात बोललात तर समोरच्याला फडफड ऐकू येते. जास्त लिहिण्यासारखं नाही.

ॲपबद्दल मात्र लिहायला हवं. ॲपमध्ये उच्च दर्जाचा कोडेक (वायरलेस पाठवण्यासाठी आवाज आटोपशीर करायची पद्धत) चालू असला की कोपऱ्यात सोनेरी खूण येते. ती खूण आली की आवाज उघडल्यासारखा वाटतो, मला पण वाटतो. मग मी कॉम्प्युटरवर एबीएक्स लावून बघितलं, म्हणजे असं की अ फाइल, ब फाइल आणि एक क्ष, क्ष हा अ आहे की ब ते ओळखायचं, स्क्रीन काहीच सांगत नाही. यात 16 पैकी निदान 12 बरोबर आले तर म्हणता येतं की नुसत्या नशिबाने एवढे येणं अवघड आहे, त्याची शक्यता 4 टक्क्यांच्या आतच असते. मूळ फाइल आणि नीट बनवलेली चांगल्या बिटरेटची (दर सेकंदाला भरपूर माहिती ठेवणारी) कॉम्प्रेस केलेली फाइल यातला फरक मला त्या पातळीवर ओळखता आला नाही, अगदी ओळखीच्या गाण्यावरही नाही. तुम्हाला येत असेल तर आनंदच आहे, पण खूण झाकून बघा. डोळ्यांना दिसलेलं कानात शिरतं हे काही नवीन नाही, 1976 मध्ये मगर्क आणि मॅकडॉनल्ड यांनी दाखवलंय की कानावर 'बा' पडत असताना समोरच्याचे ओठ 'गा' म्हणताना दिसले तर बहुतेकांना 'दा' ऐकू येतं. आणि हे माहीत असूनही तसंच ऐकू येत राहतं. सोनेरी खुणेचंही मला तसंच वाटतं, कळलं म्हणून परिणाम जात नाही, झाकली तरच जातो.

दुकानात ऐकून घेणार असाल तर क्रम जपा. आधी फार झगझगीत बासवाला ऐकलात तर त्याच्यानंतर हा फिका वाटेल, आधी चिरका ऐकलात तर हा मखमली वाटेल. आणि ऐकलेला आवाज जशाच्या तसा डोक्यात काही सेकंदच राहतो, त्यानंतर उरतं ते आपलं मत. काल त्या दुकानात ऐकलेला आणि आज इथे ऐकलेला यांची तुलना म्हणजे आवाजाची तुलना नव्हेच. कालचं मत आणि आजचा आवाज. लगोलग बदलून ऐकायला मिळत असेल तरच तुलना करा, आणि बदलायचं काम दुसऱ्याला सांगा, तुम्ही डोळे मिटा. हेडफोनच्या बाबतीत पूर्ण लपवाछपवी होत नाही हे खरं आहे, वजन आणि पकड डोक्याला कळतेच, पण निदान लोगो, रंग आणि किंमतीची चिठ्ठी तरी बाजूला होते.

कुठे ठेवलाय यानेसुद्धा फरक पडतो. 1977 मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी एका प्रयोगाबद्दल लिहिलंय, त्यात लोकांना टेबलावर ओळीने ठेवलेल्या स्टॉकिंगच्या चार जोड्यांतून उत्तम जोडी निवडायला सांगितली. चारही अगदी एकसारख्या होत्या. तरी सगळ्यात उजवीकडची सगळ्यात डावीकडच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडली गेली. का निवडली विचारल्यावर विणकाम, पोत अशी कारणं मिळाली, जागेचं नाव कुणीच काढलं नाही, आणि जागेमुळे तर नाही ना असं सरळ विचारल्यावर जवळपास सगळ्यांनी नाही म्हटलं.

ही कारणांची गोष्ट मला रिव्ह्यू लिहिताना सतत टोचते. स्वीडनमध्ये पेटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी 2005 मध्ये लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून जास्त आकर्षक कोण ते निवडायला सांगितलं, मग हातचलाखीने निवडलेल्याऐवजी दुसराच फोटो हातात दिला आणि विचारलं, हा का आवडला? बहुतेकांच्या लक्षातच आलं नाही. ते कारणं सांगू लागले, आणि काहींनी तर नाकारलेल्याच चेहऱ्यातली वैशिष्ट्यं कारण म्हणून सांगितली. आता कुठल्याही रिव्ह्यूत "मला हा आवडला कारण" असं वाक्य आलं की मी थांबते. त्या माणसाला आवडला हे खरं असतं, कारण खरं असेलच असं नाही. माझ्या भावाचंच बघा ना, ड्रमची धार म्हणे. त्यामुळे या रिव्ह्यूत जिथे मी आवाज जुळवून, आलटून पालटून ऐकून लिहिलंय तिथे तसं स्पष्ट लिहिलंय, बाकी ठिकाणी नुसतं माझं वाटणं आहे. दिसायला छान आहे, हे वाटणं. मधले स्वर स्वच्छ आहेत, हे तपासलेलं.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी स्टार बघताना पण जरा जपून. 2013 मध्ये एका बातम्यांच्या साइटवर मुचनिक, अराल आणि टेलर यांनी एक लाखाच्या वर कमेंट घेऊन प्रयोग केला, काही कमेंटना आल्या आल्या एक खोटं पसंतीचं मत चिकटवलं, काहींना नाही. ज्यांना चिकटवलं त्यांना पुढचा माणूस पसंती देण्याची शक्यता 32 टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा गुणांक सरासरी 25 टक्क्यांनी जास्त निघाला. फक्त एका मताने! म्हणजे पहिले दोनचार स्टार कुणी दिले याला किती महत्त्व येतं बघा. मी तर आता हेडफोन आला की आधी स्वतः ऐकून वहीत लिहून काढते, मगच इतरांचं वाचते. उलट केलं की दुसऱ्याने वापरलेले शब्द माझ्या कानात येऊन बसतात. कुणीतरी 'बास थोडा सैल' लिहिलेलं असतं आणि मला प्रत्येक गाण्यात सैल बास सापडायला लागतो.

एक प्रश्न नेहमी येतो की वापरून वापरून आवाज सुधारतो का, म्हणजे सुरुवातीला काही तास नुसता वाजवून ठेवायचा असतो का. कुशन दबून कानाच्या आकाराची होतात, पकड जरा सैलावते, त्याने फरक पडू शकतो. पण मला वाटतं मोठा हिस्सा आपल्या सवयीचा आहे. मी हा हेडफोन रोज वापरते आणि मऊ वरचे स्वर आता मला खटकत नाहीत. हेडफोन तोच आहे, मी बदलले. हे ओळखायला सोपं आहे, मधेच एक-दोन दिवस जुना घाला आणि मग परत हा घाला, पहिल्या दिवशी जे वाटलं होतं ते पुन्हा वाटतं. मला तसंच झालं, झांज पुन्हा बोथट.

कुणी घ्यावा? जे दिवसभर घालून काम करतात, आजूबाजूला पंखा-एसी-मशीनची घरघर असते, आणि बोललेलं ऐकायचं असतं, पॉडकास्ट, ऑडिओबुक, गाणी पण शब्दांची, त्यांनी बिनधास्त घ्या. चष्मेवाल्यांनी बारीक काडीचा चष्मा असेल तर घ्या. ज्यांना बास छातीत बसायला हवा त्यांनी घेऊ नका, इक्वलायझरमध्ये वाढवता येतो पण जास्त वाढवला की मोठ्या आवाजात फाटतो. ज्यांना कानावर दाब जाणवतो त्यांनी परत करायची मुदत बघूनच घ्या आणि त्या मुदतीत रोज वापरा. ज्यांना भेट म्हणून द्यायचा आहे त्यांना मात्र मी हा सुचवणार नाही, बॉक्स साधा पुठ्ठ्याचा आहे, केस पातळ कापडाची, आणि उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे बघायचं असतं ते यातून मिळणार नाही.

कुशन बदलता येतात, नुसती फिरवून निघतात, स्क्रू नाही. बॅटरी बदलायची मात्र सोय नाही, कप चिकटवून बंद केलेला आहे, त्यामुळे ती थकली की अख्खा हेडफोन गेला. यासाठी मी पाचातला पूर्ण एक मार्क कापलाय. बाकी चार दिलेत.